म्हैस थांबते!

प्रिय ताई,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. तुझी म्हैस चालू झाली! नुसती चालू नाही, माझ्या कॉम्प्युटरशी बोलायला लागली आहे. मी इतकी खूश आहे की स्वयंपाकघरात दोनदा नाचून आले. नवरा म्हणाला, "लग्नात सुद्धा एवढी नाचली नव्हतीस."

विकण्यासाठी म्हणून तू तो वाजवायचा काळाकुट्ट कीबोर्ड माझ्याकडे पाठवलास, तेव्हा खरंच विकायचाच होता. आईने त्याला म्हैस म्हटलं ते उगीच नाही. जिन्यावरून वर आणताना दोन माणसं घामाघूम झाली. गिऱ्हाईकही मिळालं. पण पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल नको, म्हणून आधी तपासून बघावं असं मनात आलं. मागच्या त्या गोल भोकात वायर घातली, वायर एका छोट्या डबीत, डबी कॉम्प्युटरला जोडली. एक पट्टी दाबली की दोन सूर! आणि ताल तर असा अडखळायचा की विचारू नकोस. मी वायरी बदलल्या, डबी बदलली, स्वतःच्या कानांवरही संशय घेतला. शेवटी नवरा दारातून म्हणाला, "दोघंही मोजतायत का गं? आपल्या घरात तर एकटी तूच मोजतेस." अगदी तेच झालं होतं! कॉम्प्युटर आपला सूर आणि ताल धरत होता, म्हैस आपला. मी म्हशीला गप्प केलं, मोजणं कॉम्प्युटरकडे दिलं, आणि गाडी रुळावर आली.

मग तिच्या पोटात काय साठवलंय ते बघितलं. एक चाल निघाली. म्हटलं, कंपनीने भरून दिलेली असेल. तुला माहीत आहे, मी खात्री केल्याशिवाय माझ्या रोजनिशीच्या वहीतसुद्धा काही लिहीत नाही. पुन्हा पुन्हा ऐकली. तिसऱ्या ओळीच्या वळणावर चाल एकदम पळाली, आणि तू अशी पळालीस की आई आतल्या खोलीतून ओरडायची ते आठवलं: "अगं, गाडी सुटतेय का तुझी?" तूच होतीस ती. आजारपणात उजवा हात लुळा पडला, त्याच्या आधीची. दोन्ही हातांची.

ती ऐकता ऐकता मला एक सुचलं. म्हशीच्या पोटात आवाज साठवलेला नसतो, कुठली पट्टी कधी आणि किती जोराने दाबली एवढंच असतं. म्हणजे खालचे सूर आणि वरचे सूर वेगळे करता येतात. खालचे, डाव्या हाताचे, मी काढून टाकले. वरचे, तुझ्या उजव्या हाताचे, कॉम्प्युटरमध्ये ठेवले. मग माझा उजवा हात मांडीखाली दाबून नुसत्या डाव्याने वाजवायला बसले. जमेना! कॉम्प्युटर आपला पुढे पुढे, आणि मी त्याच्यामागे फरफटत. चिडून उठले. तुझ्या हाताला अशी शर्यत लावायची? मग सगळं उलटं केलं. आता कॉम्प्युटर मोजत नाही. डाव्या हाताचा एक सूर पडला की तो त्याच्या जोडीचे उजव्याचे सूर सोडतो आणि पुढच्याची वाट बघतो. हळू वाजवलं की हळू चालतो, थांबलं की थांबतो. मी मुद्दाम मध्येच उठून चहा ठेवून आले. परत येऊन पट्टी दाबली, तर चाल तिथूनच पुढे निघाली! ताई, एवढं सोशिक कुणी आपल्या घरात आजवर झालंय का?

वहीत मात्र स्वतःला विचारलंय: हे मी ताईसाठी केलं की माझ्यासाठी? स्वतःचाच जुना हात ऐकून तिला बरं वाटेल, की जखमेवरची खपली निघेल? "उजवा हात गेला, विषय संपला," असं तू म्हणालीस, तेव्हा तुझा डावा हात टेबलावर ताल धरत होता. ते मी पाहिलं होतं.

हे फोनवर सांगितलं असतं, तर पहिल्याच वाक्याला तू "विषय बदल" म्हणाली असतीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिलं. गिऱ्हाईक रविवारी येणार आहे. तू शनिवारी ये. एकदा वाजव. त्यानंतरही "विक" म्हणालीस, तर मी स्वतः म्हशीला जिन्यावरून खाली उतरवीन, शब्द देते. फक्त एक अडचण आहे. चालीची शेवटची ओळ तिच्या पोटात नाहीच. तू तेवढ्यात उठली असशील. तिथे वरचे सूर कॉम्प्युटर देऊ शकत नाही. लहानपणी म्हशीपुढच्या त्या एकाच बाकावर मी तुझ्या उजवीकडे बसायचे, आणि अगदी टोकाच्या पट्ट्या सोडून तू मला अलीकडे येऊ द्यायची नाहीस. शनिवारी मी तिथेच बसेन. माझा उजवा हात मोकळा आहे. थोडं अलीकडे येऊ देशील?

तुझीच,
बाकाच्या टोकावरची धाकटी