पहिली चूड

वरचीवाडी, ता. वेंगुर्ले
१० फेब्रुवारी १९५७

चि. लवूस बायचे अनेक आशीर्वाद.

मुंबईत शाई महाग झाली की काय? महिन्यात तुझे अक्षर नाही. आबांचे पाय अजून उठत नाहीत, तोंड मात्र चौघांचे आहे.

वणव्याची तयारी जमेल तेवढी केली. गवताची उडवी घरापासून लांब हलवली, छपराला शिडी लावली, आग झोडपायला हिरव्या फांद्यांचे टाळ तोडून ठेवले. वर सड्याच्या माळावरचा गवताचा पट्टा तेवढा राहिला. दव पडते आहे तोवर तो जाळून काढला नाही, तर वरून येणारी आग अडायची कुठे? झावळ्यांची पहिली चूड पेटवायचा मान आपल्या घराचा. आबा खाटेवर, बायकांच्या हाताला तो मान नाही, म्हणून सगळी वाडी थांबली आहे. आपला चुलतभाऊ बाबली म्हणतो, चूड मी लावतंय, नाव तुमचाच. तुझे काय ते कळव.

माया आहेच.
तुझी थोरली बहीण, बाय रुक्मिणी

मुंबई, १७ फेब्रुवारी

ती. बायस शि. सा. न. वि. वि.

या मानासाठी बाबलीच्या बापाने आबांना भर देवळात खाली मान घालायला लावली होती. तू विसरलीस, मी नाही. शिमग्याची रजा मागितली आहे. आठ दिवस आधी येतो आणि चूड मीच लावतो. तोवर कोणालाही हात लावू देऊ नकोस. आबांना सांग, लवू येतो आहे.

आबांच्या पायांवर डोके. लोभ असू दे.
लवू

वरचीवाडी, २५ फेब्रुवारी

चि. लवूस आशीर्वाद.

दव थांबले. तू येणार म्हटल्यापासून आबा खाट दारात घ्यायला लावतात आणि सड्याकडे बघत पडतात. बाबलीला तुझे उत्तर सांगितले. तो त्याच्या विहिरीच्या चार घागरी आपल्या ओटीवर भरून ठेवून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हट्ट सोड रे. मला भीती वाटते.

बाय

मुंबई, ४ मार्च

ती. बायस शि. सा. न. वि. वि.

रजा नामंजूर झाली. चूक माझी. बाबलीला सांग, चूड त्यानेच लावावी, पहाटेच्या गारव्यात, पत्र मिळेल त्याच दिवशी. मी त्याच्या पाया पडतो.

रागावू नकोस.
लवू

वरचीवाडी, ९ मार्च

चि. लवूस आशीर्वाद.

सकाळी तुला तार केली. त्यानंतर तुझे परवानगीचे पत्र आले. टपालवाल्याने ते बाबलीच्या घरी दिले, कारण आपले घर आता नाही.

काल भर दुपारी वणवा उतरला. पट्ट्यातले गवत उभेच होते, त्यावरून तो काजूंत आला आणि काजूंतून छपरावर. शिडी, टाळ, घागरी, कशाचा उपयोग झाला नाही. बाबलीने आबांना पाठीवर घेऊन बाहेर काढले, पण धूर फार पोटात गेला होता. त्याच्या ओटीवर निजवल्यावर आबांनी पेटलेल्या सड्याकडे बघून विचारले, चूड माझ्या लवून लावल्यान? मी हो म्हटले. बरा केल्यान, म्हणाले. संध्याकाळी गेले.

तुझ्यासाठी थांबवून ठेवता आले नाही. अग्नी बाबलीने दिला. या वेळी मान कोणाचा, हे कोणी विचारले नाही.

तोंडाने हे मला सांगवणार नाही, म्हणून लिहिते. बोटीतून उतरशील तेव्हा धक्क्यावर बाबलीच हे पत्र घेऊन उभा असेल. त्याच्याशी बोल.

माझी माया आहे तशीच आहे.
बाय