पेजेचं पातेलं

एडवण, माघ १९६६, मंगळवार, दिवेलागण

आज सासूबाईंवर हात उचलला. मुंबईला कॅन्सरची गाठ म्हणून माझा एक स्तन काढला, तेव्हापासून मला नुसती पेज. डॉक्टर म्हणाले होते, मासे, अंडी, सगळं खा, अंगात ताकद येऊ दे. आणि इथे अंगणभर बोंबील वाळताहेत अन् मी पेज पितेय.

आज पोरांसाठी बोंबलाचं कालवण शिजत होतं. मी वाडगा पुढे केला. "मासली खाल्लीस तं गाठ परत येल. नाय देनार," म्हणाल्या. मी पेजेचं पातेलं भिंतीवर आपटलं, दंड धरून त्यांना ढकललं. त्या पडल्या, आणि झाकून ठेवलेला त्यांचा वाडगाही लवंडला.

त्यातूनही पेजच सांडली.

जमिनीवरूनच म्हणाल्या, "देवीला बोललेय. तू बरी होईस्तवर मी पन मासली सोडली हाय."

राग उतरायला हवा होता ना? उलट आणखी भडकला. कुणी सांगितलं होतं या बाईला माझ्यासाठी उपाशी राहायला?

उद्या कालवण मी करणार. पहिला घास त्यांना. तोंड मिटलं तर जबडा धरून भरवीन.