मुकादमाच्या गळ्यातली घंटा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा मेंढ्या पाळणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणाल्या की कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने करत नाही. याआधी असा कागद केलेला नाही. केला असता तर त्यात आठवे कलम आले नसते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची लोकर ठेवायची खोली, माझ्या धाकट्याला द्यावे. अट एकच. स्वयंपाकघराची खिडकी बुजवू नये. ती रस्त्याकडे नाही, खालच्या कुरणाकडे आहे म्हणून तेव्हा सगळे हसले होते. आमच्या ह्यांनी ती मुद्दाम तशी बसवली. म्हणाले, "रस्त्यावरून कोण गेलं ते लोक येऊन सांगतीलच. मेंढ्या येऊन सांगणार आहेत का?" त्या खिडकीशी मी पन्नास वर्षे एक डोळा चुलीवर आणि एक कुरणावर ठेवून काढली. एवढे सुख पुन्हा कुठे मिळाले नाही.

२. भिंतीवरचे घड्याळही धाकट्यालाच. ते चाळीस मिनिटे पुढे असते. शेजारी घड्याळजी राहत असताना मी ते दुरुस्तीला लांब दुसऱ्याकडे नेले, आणि त्याने त्याची ही अवस्था केली. शेजारी का नेले नाही, ते पुढे येईल. धाकट्याला सगळीकडे उशिरा पोहोचायची सवय आहे, त्याला याचा उपयोग होईल.

३. बँकेत जे असेल ते दोघांना निम्मे निम्मे. यावरून भांडू नये, तेवढे ते नाही.

४. चौतीस मेंढ्या, दोन नर, गोठा आणि खालचे कुरण माझ्या थोरलीला. तिला मेंढ्यांचे कळते. लहानपणी कोकरू थंडीने कुडकुडले की ती त्याला आपल्या अंथरुणात घ्यायची आणि सकाळी मी पांघरूण उचलले की दोन तोंडे दिसायची. थोरले, आजूबाजूला आता नवी घरे झाली आहेत, आणि प्रत्येक घरात एक कुत्रे आहे, जे मालकाच्या मते कधीच चावत नाही. तेव्हा डोळ्यांत तेल घालून पुढील गोष्टी कर. कुंपणाला आठवड्यातून एक फेरी मार आणि वर बघू नकोस, खाली बघ. कुत्रे उडी क्वचित मारते, ते खालून शिरते. मेंढी व्याली की मागून पडणारी वार उघड्यावर टाकू नकोस, खोल पूर, तिच्या वासाने कुत्री लांबून येतात. दिवस कलायच्या आत कळप गोठ्यात घे. आणि शेजाऱ्याच्या दारात तावातावाने जाण्याआधी आपले कुत्रे कुठे आहे ते बघ. हे शेवटचे मी विसरले होते.

५. गाढव थोरलीकडेच राहील. ते कुत्र्याला बघताच कान पाडून लाथा झाडते, म्हणून कळपात ठेवले आहे. ते माझ्या दिरांनाही बघून तसेच करते. त्यात माझा हात नाही.

६. कातऱ्यांच्या दोन जोड्यांपैकी लाकडी मुठीची थोरलीला, दुसरी धाकट्याच्या बायकोला. ती हौसेने शिकली आणि पहिल्याच मेंढीची अशी काही कातरणी केली की कळपाने त्या बिचारीला आठ दिवस ओळख दाखवली नाही. तरी सून पुन्हा बसली. मला ते फार आवडले होते. तिसरी वस्तू, म्हणजे शिडी, मला कोणाला देता येत नाही, कारण ती अकरा वर्षे दिरांकडे आहे.

७. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा कळपासोबत जातील. आमचे हे दाराच्या उंबऱ्यावर डोळे मिटून बसत आणि कळप आत येताना कानाने मोजत. "एकवीस झाल्या. कानतुटकी मागे राहिली गं, बघ जरा." मी जाऊन बघायची, तर कानतुटकी खरोखरच ओढ्याशी रेंगाळलेली असायची. त्यांचे हे कौतुक मी तोंडावर कधी केले नाही, उलट "झोपलात का?" म्हणून चिडवायची. आता संध्याकाळी घंटा वाजतात आणि मोजणारे कोणी नसते. या घंटांतली एक मात्र कळपात नाही. ती पिठाच्या रिकाम्या डब्यात आहे. तिच्याबद्दल पुढचे कलम.

८. आमच्या कुत्र्याचे नाव मुकादम. मेंढ्यांवर हुकूम चालवायचा म्हणून. ते पिल्लू असताना मेंढ्या बिचकत, तेव्हा ह्यांनी त्याच्या गळ्यात मेंढीची घंटा बांधली. मेंढ्यांनी त्याला आपल्यातला मानले. तो जवळ आला तरी एकही पळत नसे. ही युक्ती आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी मी लोकर निवडत होते. खालून घंटांचा गलका ऐकू आला. नुसत्या घंटाच होत्या, परक्या कुत्र्याचे भुंकणे नव्हते, म्हणून वाटले, मुकादम कळप वळवतो आहे. मी उठले नाही. जाऊन पाहिले तेव्हा पाच मेंढ्या फाडलेल्या होत्या. त्यांतल्या दोन गाभण होत्या आणि एक कानतुटकी. कुंपणाच्या भोकाशी घड्याळजींचा कुत्रा भोपळ्या उभा होता, पिवळा, लठ्ठ, पाय रक्ताने माखलेले. मुकादम दिसला नाही. तो तिन्हीसांजेला ओढ्याकडून ओला होऊन आला. मला वाटले, उधळलेल्या मेंढ्यांच्या मागे गेला असेल.

त्याची वाट न पाहता मी तशीच घड्याळजींच्या दारात गेले होते. ते डोळ्याला भिंग लावून कसले तरी चाक बसवत होते.

"तुमचं कुत्रं मोकळं सोडता आणि माझ्या गाभण मेंढ्या फाडतं!"

"वहिनी, अहो, तो कोंबडीला भितो."

"मग पायाला रक्त कुणाचं?"

त्यांनी भिंग उतरवून ठेवले. भोपळ्या मोकळा असायचा, हे खरेच होते. मी म्हणाले, "एकदा चटावलेलं जनावर थांबत नाही. उद्या तुमच्यामुळे माझा सगळा कळप जाईल." तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर त्यांच्याकडे आले. कायमचे झोपवायचे इंजेक्शन देताना घड्याळजींनी भोपळ्याला अंगणात मांडीवर घेतले होते. कुरणाच्या कुंपणापलीकडे त्यांचे अंगण, मी खिडकीतून पाहिले.

चौथ्या दिवशी मुकादमाच्या गळ्याचा पट्टा बदलायला घेतला. घंटेच्या आत रक्ताने चिकटलेला लोकरीचा पुंजका होता. दाढेत आणखी. भोपळ्या नुसता पाहायला आला असेल आणि रक्तात उभा राहिला असेल. मेंढ्या पळाल्या असत्या, पण त्यांच्याच घंटेपासून त्या कशाला पळतील? ह्यांनी घंटा हातात घेतली, उलटी केली, आणि एवढेच विचारले, "सांगायला जाणार आहेस ना?"

मी म्हणाले, "उद्या जाते."

मुकादमाला मी साखळीला बांधले. तो पुढे नऊ वर्षे जगला. भोपळ्याला जो न्याय लावला तो त्याला लावायला माझा हात उठला नाही, तो ह्यांच्या हातचे पिल्लू होता. लोक म्हणायचे, कुत्रे बांधून ठेवावे तर या बाईने. मी ऐकून घ्यायची. घड्याळजींनी मधले फाटक लावून घेतले आणि पुन्हा कुत्रे पाळले नाही. आम्ही हवापाण्याचे बोलतो, कुंपणावरून. हे गेले तेव्हा ते आले, दारात उभे राहिले, आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. हे मात्र शेवटपर्यंत दर कातरणीला विचारत, "गेली होतीस का?" मला आज त्यांचा तो प्रश्नही हवासा वाटतो.

भोपळ्या निर्दोष होता. मी घड्याळजींचा अपराध केला आहे, आणि तो लपवला हा त्याहून मोठा.

९. घंटा कोणाच्याही नावे करत नाही, आणि घड्याळजींनाही या कागदाने काही देत नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार म्हणून तेच हवे आहेत. साक्षीदाराला मजकूर ऐकवावा लागत नाही, सही होताना पाहिली की पुरते, असेही त्या म्हणाल्या. तरी हा सगळा कागद त्यांना वाचून दाखवावा. मी समोर बसेन.

वरील मजकूर माझा आहे. तो मी पूर्ण शुद्धीत, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून कायम करते.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: कातरणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवार. तारीख वकीलबाईंच्या शिक्क्याखाली.

सही: मेंढीवाल्या काकू

साक्षीदार दुसरी: शाळेच्या बाई. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार पहिला: घड्याळजी. सही माझ्यासमोर झाली. आठवे कलम दोनदा वाचायला लावले. सही केली ती फक्त साक्षीची, बाकीचे या कागदात बसत नाही. वहिनी, आता उद्यावर टाकू नका. संध्याकाळी घंटा घेऊन या. फाटक उघडे ठेवतो. आत कुत्रे नाही, भिऊ नये.