चहाच्या वेळची नक्कल

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझी मान कशी आहे? जावईबापूंचा खोकला गेला का? बाळाला दात आले?

परवा आमच्याकडे जेवताना तू तुमच्या विद्यापीठातल्या समुपदेशन केंद्राची गंमत सांगितलीस. तुझ्या शेजारच्या खोलीतल्या समुपदेशक मॅडम चहाला एका मुलीची नक्कल करतात, तीच तू करून दाखवलीस. बाही चावत, नाक ओढत: "एक आजी सोडली तर मला कुणी नाही हो, मॅडम!"

मीही पोट धरून हसले. माझी नात तेवढी ताटावरून उठली.

ती मुलगी हीच गं. घर आपलंच पेटलं होतं आणि मी हात शेकत बसले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. आज हे लिहिताना बोलली, "पाठवू नकोस, आजी. चहाला वाचून दाखवतील."

म्हणून पत्र उशीखालीच ठेवते. तरी उत्तर लवकर लिही.

तुझी मावशी