युरोपातले रिकामटेकडे सरदार

३ जुलै २०२४
काय पोरगी आहे! खुशबूनं बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडला. म्हणते, "बाबा, हैदराबादले एमए करीन." कायचं? तर हजार वर्षांआधीच्या युरोपातल्या कथा-पोथ्यांचं! तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात ब्लास्ट फर्नेससमोर भाजलो, ते याच्यासाठी?

अॅडमिशनले जातीचा दाखला लागते, अन दाखल्याले माझ्या आज्याचा भंडाऱ्याच्या शाळेतला जुना कागद. त्याच्याबिगर इथं छत्तीसगडात आमाले, भंडाऱ्याहून आलेल्यांले, कोणी उभं करत नाही. मी म्हटलं, सापडूनच नाही राहिला. माझ्या पेटीत आहे. राहू दे तिथंच.

५ जुलै
तिचं पुस्तक टेबलावर होतं, हिंदीतलं. वाचलं — भांडाले मुद्दे पाह्यजे ना! एक सरदार. बाईनं झग्याची बाही फाडून देल्ली म्हून त्यानं तीन माणसं कापली. मंग सात वर्षं जंगलात रडत बसला. ड्युटी नाही, शिफ्ट नाही! घोड्याले चारा कोण टाकत होतं, ते कोणी लिहिलं नाही. लेकाचे सारेच रिकामटेकडे.

८ जुलै
आज साधूची गोष्ट. ताटातली भाजलेली कोंबडी उठून उडाली म्हणे! अन याची एमए होते! खुशबूले म्हटलं तं हासली. "बाबा, पुरं तं वाचा." माझं टाळकंच सरकलं.

११ जुलै
आज वाचलं नाही. दोनच पानं.

१६ जुलै
हे काय! एक राजपुत्र. दुःख दिसू नये म्हून बापानं महालात कोंडला. पोरगा बाहेर निघाला, रोगी पाह्यला, म्हातारा पाह्यला, मरण काय ते समजलं, अन राज्य सोडलं. अरे, हे तं आपल्या तथागताचं! खाली लिहिलं आहे, गोष्ट देशोदेशी फिरत तिकडे गेली अन त्यांनी बुद्धाले आपला साधू करून टाकलं. शेकडो वर्षं पुजला, अन कोणाले पत्ताच नाही!

चोरी केली, तेही धड नाही. आमच्या कॅम्प-१ वस्तीच्या विहारात मी दर पावसाळ्यात, वर्षावासात, सांगतो — म्हातारा पाहून सिद्धार्थानं घर नाही सोडलं. नदीच्या पाण्याचं भांडण होतं, तो लढाईले नाही म्हणाला, म्हून घर सोडावं लागलं. एकोणतीस वर्षांत त्याले एक म्हातारा दिसला नसन? भैताड कुठले!

१८ जुलै
तो राजा डोक्यातून जाऊनच नाही राहिला. बायकोले म्हटलं, "कसा बाप असन गं? पोराले जगच दाखवत नाही!" सुनिता भाजी निवडून राहिली होती. वर पाह्यलं नाही.

"असतेत," म्हणाली.

मले लाज वाटली. लय वाटली.

१९ जुलै
आज खुशबूले देऊन टाकू म्हून पेटी उघडली. कागद नाही! सुनिता म्हणाली, "मीनं पाच तारखेलेच देल्ला तिले. दाखला निघाला, अॅडमिशन झाली."

उद्याची गाडी आहे. सिविक सेंटरच्या बाजारातून नवी बॅगही आणली म्हणे.

मले कोणीच सांगितलं नव्हतं.