मेथीच्या डोंगरातला गोळा

अण्णा,

गोळा सापडला. तुम्ही कानशीनं फुली केलेला, तोच. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं व्हायला आली, मी बहात्तरची झाले, तेव्हा जी मोठी माणसं तिथे होती ती सगळी गेली, आणि नेमका आत्ता तो माझ्या हातात आला. माझी शाळा पाचवीपर्यंतची. लिहायचा हात कधीच सुटलाय, तरी हे लिहिणार आहे. तुम्ही एका कागदावर माझी सही घेतली होती. त्याचं हे उत्तर समजा.

तुमच्या लाडक्यानं, माझ्या धाकट्या भावानं, पुण्याचं मोठं घर विकलं आणि फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून तुमची चावीची रेल्वे तीन खोक्यांत बांधून इकडे सुदामा नगरला पाठवून दिली. आयुष्यभर एकदा चावी फिरवली नाही त्यानं, पण वारस तोच. वर फोनवर मला म्हणतो, ताई, तुझ्या नातीला देऊन टाक, नाहीतर कबाडीवाल्याला दे, पण तू हात लावू नकोस हं, तू गाडी पाडतेस. साठ वर्षं झाली, त्याचा हा एकच विनोद आहे. माझ्या लग्नात सांगितला, माझ्या मुलाच्या मुंजीत सांगितला, हे गेले तेव्हा तेराव्याला जेवायला बसलेल्या पंगतीतसुद्धा सांगितला, आणि लोक हसले.

नात मात्र खूश झाली. इथेच एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. सुट्टीच्या दिवशी छतावरच्या खोलीत चढते ती जेवायला हाक मारेपर्यंत खाली येत नाही. फळ्या जोडल्या, गंजलेले रूळ घासले, दोन्ही इंजिनांच्या स्प्रिंगा कुठूनशा मागवून बसवल्या. रविवारी तिच्यासारखेच दहा-बारा गाडीवेडे बघायला येणार आहेत. तुमचं तिला फार कौतुक. म्हणाली, आजी, पणजोबा म्हणजे कमाल माणूस होते यार. मी भाजी निवडत होते, निवडत राहिले.

तर डोंगर. डोंगर कोणी केला होता अण्णा? तुम्ही रूळ ठोकलेत, टिनाचं इंजिन गजराच्या घड्याळाच्या स्प्रिंगवर चालवलंत, कबूल. दुसरं काळं इंजिन महूहून जाणाऱ्या कुठल्या गोऱ्या साहेबाकडून मिळवलंत, तेही कबूल. पण पाताळपाणीचा घाट, म्हणजे गाडीचा डोंगर, मी केला. आईनं दाखवलं तसा, टोपल्या करतात तसा. रद्दी आठ दिवस भिजवायची, खलबत्त्यात कुटायची, भिजलेली मेथी वाटून त्यात कालवायची, म्हणजे चिकटही होतो लगदा आणि किडाही लागत नाही. माझ्या तळहातांना महिनाभर मेथीचा वास होता. शाळेत शेजारची मुलगी सरकून बसायची. तुम्ही मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, घाट आम्ही केलाय, मी आणि चिरंजीवांनी. चिरंजीव तेव्हा चार वर्षांचे होते आणि लगदा खात होते.

भाड्याच्या घरात तुम्ही बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीला भोक पाडलंत, बोगदा म्हणून. खालचं स्टेशन बैठकीत तुमच्या खुर्चीपाशी, वरचं स्टेशन स्वयंपाकघरात शेगडीशेजारच्या फळीवर, आणि मध्ये भिंत नि माझा डोंगर. मकानमालक बघायला आला तेव्हा म्हणाला होता, "बाऊजी, आज खिलौना निकला है, कल मालगाड़ी निकलेगी तो मेरी भैंस कहाँ बाँधूँगा?" आई तोंडाला पदर लावून हसली होती. तुम्हाला हसू आलं नाही. रेल्वेच्या बाबतीत तुम्हाला हसू येतच नसे.

असिस्टंट स्टेशन मास्तर तुम्ही, तेव्हा घरातही सगळं कायद्यानं. एकेरी लाइन, म्हणजे एका वेळी एकच गाडी. खऱ्या स्टेशनावर जसा ड्रायव्हरला लोखंडी गोळा मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, तसा आपल्याकडे बेअरिंगमधला बोराएवढा गोळा, ओळखू यावा म्हणून तुम्ही फुली केलेला. ज्याच्याकडे गोळा त्यानंच गाडी सोडायची. चमच्यानं ताटलीवर दोन टोले द्यायचे, पलीकडून एक टोला उत्तर आलं की गोळा मागच्या डब्यात ठेवायचा आणि चावी दिलेलं इंजिन सोडायचं. एकदा सोडलं की थांबवणारं कोणी नाही, म्हणून तर कायदा. तुम्ही शंभरदा सांगायचात, गोळा एकच. दोन झाले की अपघात झालाच म्हणून समज. वरच्या स्टेशनावर मला बसवलंत ते माझ्यावर जीव होता म्हणून नाही. मी तशीही शेगडीपाशीच असायचे. पण मला आवडायचं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता तुम्हाला सांगून काय उपयोग.

तुमचे साहेब आले तो दिवस. मी पाचवी पास झालेली, सहावीचा फॉर्म तुम्ही आणून कोनाड्यात ठेवलेला. आई बैठकीत पोहे देतेय. माझ्यासमोर कढी उकळतेय, काळं इंजिन माझ्या स्टेशनात उभं आहे आणि गोळा माझ्या मुठीत गरम झालाय. मी दोन टोले देते. तिकडून एक टोला येतो. तुमचाच. सवयीनं दिलात तुम्ही, साहेबांशी बोलता बोलता, हातातला चमचा बशीवर आपटावा तसा. मी गोळा मागच्या डब्यात ठेवते आणि गाडी सोडते. आणि तिकडे साहेब म्हणतात, चलाके दिखाओ भाई, आणि तुम्ही उठता आणि तुमच्याकडची टिनाची गाडी सोडता. गोळा नाही, टोला नाही, काही नाही. साहेब खूश व्हावे म्हणून.

दोन्ही डोंगराच्या पोटात भेटल्या. डोंगर कुशीतून फुटला, काळं इंजिन माझ्या पायाशी आणि एक डबा कढीत. साहेब दाराशी येऊन मोठ्यानं हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खिशातून मूठ काढलीत, अर्धी उघडलीत आणि साहेबांना म्हणालात, "गोळा माझ्याकडे आहे साहेब, हा बघा. पोरीनं गोळा नसताना गाडी सोडली." इतक्या सहज म्हणालात. मी म्हटलं, अण्णा, मी डब्यात ठेवला होता. तुम्ही म्हणालात, मग दाखव. मी कढीत हात घातला. भाजला हात. गोळा नव्हता.

साहेब गेल्यावर तुम्ही स्टेशनच्या अक्षरात कागद लिहिलात. गोळा न घेता गाडी सोडली, सबब नुकसान झाले, कसूर मान्य आहे. खाली माझी सही घेतलीत. भाजलेल्या बोटांनी केली मी ती. मग फुटलेला डोंगर आजच्या आज बुजव म्हणालात, आईच्या टोपलीसाठी कुटलेला लगदा होता तो मी मूठमूठ आत कोंबला, रडत होते म्हणून काही बघितलं नाही. आणि कोनाड्यातल्या फॉर्मचं आईनं विचारलं तेव्हा तुम्ही पेपरातून मान वर न काढता म्हणालात, "जिला एक गोळा सांभाळता येत नाही, ती शाळेत जाऊन काय दिवे लावणार आहे?" तो फॉर्म पुढे आईनं तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाला घातला. डबा रिकामा झाला की मला माझं नाव दिसायचं, तुमच्या हातानं लिहिलेलं.

आईनं तुमचा टोला ऐकला होता. ती तुमच्या शेजारीच उभी होती. मला नंतर एवढंच म्हणाली, जाऊ दे, साहेबापुढे त्यांची शोभा झाली असती. माझी झाली ती शोभा नव्हती बहुतेक.

आणि खरा राग मला ह्याचा नाहीये. चुका माणसाकडून होतात, साहेबासमोर घाबरायलाही होतं. राग ह्याचा आहे की तुम्ही इतक्या ठामपणे म्हणालात की काही वर्षांनी मलाच ते खरं वाटायला लागलं. मला वाटायचं, कढी ढवळत होते, राहिला असेल गोळा. टोला ऐकलाच नसेल, भास झाला असेल. पुढे संसारात काहीही हरवलं, किल्ली असो की गॅसचं कार्ड, मी आधी म्हणायचे, माझ्याकडूनच हरवलं असेल. ह्यांनी चष्मा स्वतःच्या कपाळावर ठेवून मला बोल लावले तरी मी माफी मागितली. मुलाच्या शाळेत मास्तरांनी दिलेल्या कागदावर सही करायची झाली तर मी कागद ह्यांच्यापुढे सरकवायचे. तुम्ही माझी शाळा घेतलीत ती घेतलीत, पण माझ्या डोळ्यांवरचा, कानांवरचा माझा भरवसा घेतलात. तो घ्यायचा तुम्हाला काय अधिकार होता?

बुधवारी संध्याकाळी नात वरून ओरडली, आजी, डोंगर खालून सडलाय, फेकून देते, थर्माकोलचा करू. मी म्हटलं, फेकशील तर बघ. डोंगर खाली आणवला, तुकडे केले आणि बाल्टीत भिजत घातले. म्हटलं, लगदा पुन्हा लगदा होतो, पुन्हा मेथी घालीन, पुन्हा उभा करीन, माझं आहे ते. काल कुटायच्या आधी हातानं मळायला बसले. इतक्या वर्षांनीही मेथीचा वास आला बघा. आणि बुजवलेल्या भागाचा घट्ट गोळा होता तो फोडताना बोटाला काहीतरी लागलं. मला वाटलं खडा. धुतला. अंगठ्याला फुली लागली.

 ओल्या हातानंच उठून, पुण्याहून आलेल्या खोक्यात तुमची पत्र्याची डबी होती ती उघडली. त्यात दुसरा गोळा. गुळगुळीत. त्यावर फुली नाही. गोळा एकच म्हणणारे तुम्ही, खिशात दुसरा घेऊन फिरत होतात. म्हणजे त्या क्षणी तुम्हाला माहीत होतं. चूक नव्हती ती अण्णा. साहेब हसायचे थांबेपर्यंत तुमचं सगळं ठरलेलं होतं.

तो कागदही आलाय खोक्यातून. भावानं प्लास्टिकमध्ये घालून जपलाय. नातीनं तो वर भिंतीला चिकटवला होता, पाहुण्यांना गंमत म्हणून. आज तिला सुट्टी, सकाळीच मी वर जाऊन तिला दोन्ही गोळे दाखवले आणि सगळं सांगितलं, आत्ता लिहिलं तेवढंच, कमी-जास्त न करता. तिनं खूप वेळ ते दोन गोळे तळहातावर फिरवले. मग कागद भिंतीवरून काढला, गुळगुळीत गोळा डबीत टाकून डबी बंद केली आणि फुलीवाला माझ्या हातात दिला. म्हणाली, "आजी, रविवारी वरचं स्टेशन तू सांभाळायचं. आज प्रॅक्टिस." अरेरे वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी खाली निघून आले असते.

तर आज दुपारी जेवणं झाल्यावर मी वरच्या स्टेशनावर बसले. डोंगर अजून बाल्टीत ओला लगदाच आहे, त्याच्या जागी तिनं खोकं ठेवलंय उपडं. मी काळ्या इंजिनाला चावी दिली.  दोन टोले दिले. पलीकडून एक टोला आला. मी गाडी सोडली आणि ती खोक्यात शिरली, नि पलीकडून बाहेर पडल्याचा आवाज आला, आणि अण्णा, मी बसल्या जागी टाळी वाजवली, बहात्तराव्या वर्षी.

नात म्हणाली, "आजी, डब्यात गोळा नाहीये."

मी म्हटलं, "मी ठेवला. तुझ्याकडेच पडला असेल कुठेतरी, नीट बघ."

श्वास घ्यायच्या आत म्हटलं. तुमच्याच आवाजात म्हटलं. आणि मग मला पदराचं टोक जड लागलं. गाठ होती, गाठीत गोळा होता. हरवू नये म्हणून सकाळीच बांधून ठेवला होता आणि गाडी सुटायच्या नादात विसरले.

ह्यावरून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. तुमचं वेगळं, तुम्हाला त्याच क्षणी माहीत होतं आणि मग सगळं आयुष्य होतं सांगायला. मी चहा ठेवते म्हणून खाली आले, काल सुरू केलेलं हे पत्र पुढे ओढलं आणि लिहायला बसले. चहा केव्हाच उकळून आटला. वर ती टेबलाखाली शिरून शोधतेय, मधूनच हाक मारते, आजी, मिळत नाहीये गं, माझ्याकडूनच हरवला वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचंय असं नाही, डाळीच्या डब्यात तळाला जाईल. पण हे संपलं की मला उठून जिना चढायचाय आणि तिला पदर दाखवायचाय. एवढं लांबवलं ते त्यामुळेच.