गडव्यातली मासोळी

मंगळवार, कुरखेडा

डोकं नुसतं भणभणून राह्यलंय. रविवारच्या उपदेशासाठी आत्म्यावर चार पानं लिहिली होती: ग्रीकांना देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग वाटे, आपण ख्रिस्ती देहासकट पुनरुत्थान मानतो. छान जमलं होतं. आणि दुपारी रायमतबाई दारात, हातात पितळेचा गडवा.

तिच्या नवऱ्याला परवाच मी प्रार्थना करून मूठमाती दिली. आज म्हणे, त्याला नदीवरून घरी आणायचं. गोंडांची जुनी रीत. नाव घेऊन हाका मारायच्या, गडव्यात पहिलं जे जिवंत येईल तो त्याचा जीव. बाप्तिस्मा होऊन वीस वर्षं झाली बाईला!

चिडलोच. "बाई, तो देवाजवळ आहे. आत्म्याले देह नसते."

"देह नाई, तं मले वळखते कसा, पास्टरभाऊ?"

घ्या! रागात मी ग्रीकांचंच बोलून बसलो. काऊन?

तिला अडवायला म्हणून नदीपर्यंत गेलो. तिनं हाका मारल्या, गडवा बुडवला. मासोळी आली, नखाएवढी. बाई अशी हसली, तशी चर्चमध्ये कधीच हसली नाही.

परतताना काठ चढायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून गडवा मी घेतला. मूर्खपणा! मंडळीतल्या कुणी पाहिलं असतं तर? पण तेव्हा धास्ती एकच, पाणी हिंदकळून मासोळी पडू नये. तिच्या दारात पोचलो तेव्हा ध्यानात आलं, वाटभर मी गडव्याकडे पाहून म्हणत होतो, "आलंच घर, भाऊ. आलंच."